तीन पितळी वायसर

बुकित पंजांगच्या सुपरमार्केटात परवा संत्र्यांच्या पेट्या आल्या. दारापासून बिलाच्या रांगेपर्यंत नुसती केशरी भिंत. छताला लाल कागदी कंदील, आणि स्पीकरवर तेच ढोलाझांजांचं गाणं, जे इथे चिनी नववर्षाच्या आधी महिनाभर वाजतं आणि मग वर्षभर डोक्यातून जात नाही. माझ्या पुढच्या आजी एकेक संत्रं देठाचं पान शाबूत आहे का ते बघून निवडत होत्या. पान नसलेलं फळ त्या परत ठेवत. मी त्यांच्या मागे उभी राहून खिशातले तीन वायसर बोटांनी फिरवत होते.

वायसर म्हणजे नटाखाली बसते ती चकती. माझे पितळेचे आहेत, एका खेळातले जपून ठेवलेले, जुन्या पाच रुपयांच्या नाण्याएवढे, मध्ये भोक, कडा घासून घासून गुळगुळीत. इतरांना संत्र्यांचा वास आला की नवीन कपडे आठवत असतील, पैशांची लाल पाकिटं आठवत असतील. मला दोन वर्षांपूर्वीचा तो मोसम आठवतो आणि मान आपोआप ताठ होते. मी ती ताठ होऊ देते. माझ्यासारखीच्या आयुष्यात असे मोसम फार येत नाहीत.

सामंत चीफ म्हणजे आमच्या इथल्या मराठी दर्यावर्दी मंडळींचे थोरले. जहाजावर चीफ इंजिनिअर होते, आता किनाऱ्यावरच्या नोकरीत आहेत; पण सगळे, त्यांची बायकोसुद्धा, त्यांना चीफच म्हणतात. नववर्षाच्या दोन सुट्ट्या आणि नंतरचा रविवार, असे तीन दिवस त्यांच्या फ्लॅटमध्ये पोकरची स्पर्धा होते. सकाळी अकराला सुरू, चारच्या आत बंद. पैशाला हात लावायचा नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. प्रत्येकी पन्नास पितळी वायसर घेऊन नऊ जण बसतात. वायसर संपले की माणूस बाद, आणि शेवटी सगळे ज्याच्यापुढे जमतील तो जिंकला. त्या दिवशी जेवढे उरतील तेवढे डबीत घालून घरी न्यायचे, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे.

जिंकणाऱ्याला एकच बक्षीस: तो एक नियम करू शकतो. तो नियम मग त्या टेबलाला कायम लागू. कॅप्टन दाबके जिंकले तेव्हा त्यांनी फोन चपलांच्या कपाटात ठेवायला लावले. सामंत काकू जिंकल्या तेव्हा त्यांनी ठरवलं, जो पहिला बाद होईल त्यानं सगळ्यांसाठी चहा करायचा, आणि बाकीच्यांनी त्या चहाला यथेच्छ नावं ठेवायची. त्या वर्षी दाबके पहिले बाद झाले. त्यांच्या चहाला कुणी बिल्जचं पाणी म्हटलं. बिल्ज म्हणजे जहाजाच्या तळाशी साचतं ते तेलकट घाण पाणी. दाबके हसत हसत तोच चहा दोनदा प्यायले.

मी कधी समुद्रावर गेले नाही. हार्बरफ्रंटला एका ऑफिसात खलाशांची कागदपत्रं बघते. खिडकीतून बाटाम बेटाकडे जाणारी फेरीबोट दिसते. तिच्यात एकदा बसले होते, तर तासाभरात दोनदा ओकले. तरी मला त्या टेबलाशी खुर्ची होती. ऑफिसवाले चालतात, बायका चालतात, इंजिनिअरांचे पाहुणे चालतात. चालत नव्हते ते मयेकर काका.

मयेकर काका चीफबरोबर चार जहाजांवर फिटर होते. मालवणकडचे. तीस वर्षं इंजिनरूममध्ये घालवून आता जुरोंगच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात वर्क परमिटवर काम करत होते, राहायला डॉर्मिटरीत. सुट्टीच्या दिवशी लिटिल इंडियातून सुरमई घेऊन चीफकडे यायचे, साफ करायचे, कालवण करायचे. खेळ सुरू झाला की खांद्यावर पंचा टाकून स्वयंपाकघराच्या दारात उभे. पहिला माणूस बाद होऊन उठायला लागला की ते म्हणत, "बसा, मी करतंय चाय." तो माणूस सुटल्यासारखा परत बसे. मग नऊ कप यायचे आणि नऊ तोंडं म्हणायची, "वा, फिटर, फर्स्ट क्लास!" त्या चहाला नावं ठेवण्याची कुणाची हिंमत नव्हती. नावं ठेवायचा नियम टेबलाशी बसणाऱ्यांपुरता; मला त्या कौतुकाचीच चीड यायची.

आणि हे पितळी वायसर? ते मयेकर काकांनीच जमवलेले. जहाजाच्या वर्कशॉपमध्ये, फावल्या वेळात, एकेक पॉलिश करून. क्रू मेसमध्ये फिलिपिनो बोसननं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, त्यांना पोकर शिकवलं, त्यांनी तिथेच सगळ्यांना. चीफ जहाज सोडताना काकांनी ती पिशवी त्यांना भेट दिली. चीफ दर वर्षी पिशवी टेबलावर ओतताना ही गोष्ट अभिमानानं सांगायचे. गोष्टीतला माणूस चार पावलांवर उभा असायचा.

मी एकदा चीफना विचारलं, काकांना बसू द्यायचं नाही असा नियम कुणाचा?

"नियम नाही गं तसा," ते म्हणाले. "पद्धत आहे. जहाजावर ऑफिसरांचा मेस वेगळा, क्रूचा वेगळा. त्यात अपमान कसला? शिस्त आहे ती."

मला बाबा आठवले. इचलकरंजीत आमच्या घरात पुढच्या खोलीत छपाईचं ट्रेडल मशीन होतं. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या बिघडलेल्या प्रतींवर, गणितं सोडवली ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. मजुरीच्या दराचं पत्रक, हुंड्याविरुद्धचं पत्रक, दिवाळीतल्या जुगाराविरुद्धचं पत्रक. माझ्या पुस्तकांना कव्हरंसुद्धा त्यांचीच होती, त्यामुळे भूगोलाच्या पुस्तकावर वर्षभर "कामगार बंधू-भगिनींनो, जागे व्हा" असं लिहिलेलं असायचं. बाबांचा एक हट्ट होता: पत्रकाच्या तळाशी काढणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव असलंच पाहिजे. "ज्या कागदाखाली नाव नाही," ते म्हणायचे, "त्याच्याशी भांडताही येत नाही." चीफची पद्धत तशी होती. तिच्याखाली कुणाचंच नाव नव्हतं.

म्हणून मी पोकर शिकले, आणि शिकले मयेकर काकांकडूनच. चार रविवार, आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, बुद्धिबळाचा पट कोरलेल्या दगडी टेबलावर. डोक्यावरून एलआरटीची छोटी रेल्वे खडखडत जायची, शेजारच्या टेबलावर चिनी आजोबा रेडिओ लावून डुलक्या काढायचे. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच उघडे, त्या सातांतून आपले उत्तम पाच. काकांनी सांगितला तसा कशाच्या वरचढ काय याचा क्रम मी स्वतःच्या हातानं कागदावर लिहिला होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्याला दुसरं कुणी जबाबदार नाही.

पहिल्या दिवशी पत्ते वाटायच्या आधी मी उभी राहिले. बसून बोलणं मला जमत नाही, घरात सभाच पाहिल्या.

"मी जिंकले तर माझा नियम आत्ताच सांगते," मी म्हटलं. "ज्यानं जहाजावर एक दिवस जरी काम केलंय, तो या टेबलाशी बसेल. हुद्दा विचारायचा नाही."

"एक दिवस?" कॅप्टन दाबके म्हणाले. "मग तू ऊठ की, बाई!"

सगळे हसले. मीही हसायला हवं होतं. चीफ हसले नाहीत. स्वयंपाकघरात कालवण ढवळणारा डाव थांबल्याचं मला ऐकू आलं.

त्या दिवशी मी रागावून खेळले. प्रत्येक डावात उडी. प्रत्येक वेळी वायसर पुढे ढकलताना दाराकडे एक नजर. तीन वाजून गेल्यावर एका डावात हातात नव्वी-अठ्ठी आणि मध्ये दश्शी, गुलाम, राणी आली. सलग पाच! उघड्या पत्त्यांत तीन बदाम होते, मला ते दिसतही होते. दाबके वाढवत गेले, मी त्यांच्यावर वाढवत गेले, आणि शेवटी पत्ते आपटून ओरडले, "सिक्वेन्स!"

दाबक्यांनी शांतपणे दोन बदाम उलटे केले. पाच बदाम. कलर.

"मग? सिक्वेन्स मोठा!" मी म्हटलं.

सगळं टेबल असं हसलं की काकू आतून धावत आल्या. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो. पोकरमध्ये उलट. बाबा दिवाळीच्या जुगाराविरुद्ध पत्रकं वाटत फिरायचे तेव्हा मी मामाकडे गादीखाली बटणं लपवून तीन पत्ती खेळायचे. ती दिवाळी इतक्या वर्षांनी अशी उगवली.

"मुक्ता, ही मामाची माडी नाही," चीफ म्हणाले. मामाची गोष्ट मीच त्यांना कधीतरी सांगितली होती.

चीफची मुलगी इरा पत्ते वाटायची. ती सोळा वर्षांची, वर्गातल्या चिनी मैत्रिणींकडून हा खेळ शिकलेली. "कलर बीट्स सिक्वेन्स लाह, मुक्तादीदी," ती इथल्या पोरांच्या बोलीत हळहळून म्हणाली. "एव्हरीबडी नोज."

माझ्यापुढे तीन वायसर उरले. मी ते हळदीच्या रिकाम्या डबीत घातले.

खाली उतरले तर इमारतींच्या मध्ये लॉरीवर ढोल बडवत सिंहनाचाची मंडळी आली होती. लाल-पिवळा सिंह कुणाच्या तरी दारात संत्रं सोलून सॅलडची पानं उधळत होता. मयेकर काका बसस्टॉपवर उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले. मला सांत्वन हवं होतं.

"तू पत्ते बघितच नव्हतंस," ते म्हणाले. "माझ्याकडे बघित होतंस."

"काका, मी तुमच्यासाठीच तर—"

"माका इचारलंस?" ते ओरडले नाहीत, पण मी एक पाऊल मागे सरकले. "चार मान्सांत माझा नाव काढलंस. माका थंय बसान काय करूचा हा, ह्या इचारलंस? बोल्ट रागानं आवळलो तर तुटता, बाय. मगे पाइप गळता तो गळताच."

त्यांची बस आली. चढताना ते वळून म्हणाले, "तीन उरले मा? तीन म्हणजे शून्य नव्हे. वाट बघ. टाकशीत तर सगळे टाक, पण एकदाच."

त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कळलं, की मी पत्रक काढलं होतं आणि ज्याच्यासाठी काढलं त्यालाच ते वाचायला दिलं नव्हतं. बाबा असं कधी करत नसत. ते आधी मागावर जायचे, कामगारांजवळ बसायचे, मग घरी येऊन छपाईचे खिळे जुळवायचे. मला घाई आधी होती आणि माणूस नंतर.

दुसऱ्या दिवशी मी सरळ स्वयंपाकघरात गेले. काका लाल प्लास्टिकच्या स्टुलावर बसून सुरमईचे तुकडे करत होते. मी खाली फरशीवर बसले आणि विचारलं, "काका, तुम्हाला त्या टेबलाशी बसायचंय का? नको असेल तर मी आत जाऊन नियम मागे घेते."

सुरी चालू होती. मग त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले.

"चीफसाब ज्युनिअर होते तेव्हा आमच्या मेसमध्ये येत," ते म्हणाले. "आमी त्येंका पत्ते दिले. शिकवलं. कोणी म्हटला नाय, तुमचो मेस वेगळो." पुन्हा सुरी हातात घेतली. "मार्चात माझा परमिट संपता. मगे घराक. एकदा बसूचा हा. एक डाव."

एवढंच. आता मला खेळताना दाराकडे बघायची गरज उरली नव्हती.

प्रत्येक डावात आळीपाळीनं दोघांना पत्ते न बघता वायसर टाकावे लागतात. माझी ती सक्तीची पाळी यायला सहा डाव होते. तीन वायसर आणि सहा डाव, एवढंच माझं भांडवल. पाच वेळा मी पत्ते बघितले आणि खाली ठेवले. दाबके गुणगुणायला लागले, "पत्रकबाई आज मौनात." सहाव्यांदा दोन राण्या आल्या. मी डबीच उपडी केली. ते तीन वायसर टेबलावर किती लहान वाटले! तिघांनी हसत हसत बरोबरी केली, तीनच तर टाकायचे होते. राण्या टिकल्या. सक्तीनं पडलेला एक धरून माझ्यापुढे तेरा झाले.

त्या तेराचे पुढच्या तासात सत्तावीस झाले. मी डावांत कमी आणि गप्प जास्त होते. गप्प राहिल्यावर काय काय दिसतं याचं मला नवल वाटलं. चांगले पत्ते आले की दाबके चष्मा वर सारतात. थाप मारताना चीफ अंगठ्यानं वायसरची कड चाचपतात. एवढी वर्षं मी माणसांना बोलून बदलायला निघाले होते. त्यांच्याकडे इतकं नीट कधी बघितलं नव्हतं. दुपारी चारला डबीत बावन्न होते. सुरू केलं तिथून दोन पुढे.

घरी जाऊन बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, "पैसे आहेत का त्यात?" मी नाही म्हटलं. "मग जुगार नाही. मग काय आहे ते?"

"सभा आहे, बाबा."

"ठराव आहे का?"

"आहे."

"मग बहुमत जमव," ते म्हणाले आणि औषध घ्यायला उठले.

मधले दिवस मी हार्बरफ्रंटला जाऊन खलाशांचे अर्ज बघत होते. फिटर, ऑइलर, कुक, बोसन. प्रत्येक अर्जावर फोटो, आणि प्रत्येक फोटोत दाढी करून, नवा शर्ट घालून बसलेला माणूस. एरवी मी नावं तपासायचे. त्या आठवड्यात चेहरे बघत बसले आणि साहेबांची बोलणी खाल्ली.

रविवारी दुपारपर्यंत आम्ही तिघंच उरलो: दाबके, चीफ आणि मी. मग तो डाव आला ज्याचा मला जिंकलेल्या सगळ्या डावांपेक्षा जास्त अभिमान आहे. माझ्या हातात पुन्हा सिक्वेन्स. मध्ये तीन इस्पिक. चीफनी वायसरचा मनोरा उचलून पुढे ठेवला. त्यांचा अंगठा कडेवर नव्हता, स्थिर होता. सगळ्यांना वाटलं, ही आता उडी घेणार. मलाही आतून कुणीतरी ढकलत होतं, ते मामाकडच्या गादीखालचं कुणीतरी. मी दोन्ही पत्ते पालथे घालून सरकवले.

"काय टाकलंस?" चीफनी विचारलं. मी सांगितलं नाही. त्यांनी स्वतःचे दोन इस्पिक मिरवत दाखवले. कलर. दारातून मयेकर काकांचा खोकला ऐकू आला, आणि तो खोकला सर्दीचा नव्हता.

दाबके त्यानंतर माझ्याच हातून बाद झाले. उरलो चीफ आणि मी, माझ्याकडे थोडे जास्त. तीन वाजता चीफनी सगळे वायसर मध्ये लोटले आणि खुर्चीला टेकले. माझ्या हातात सत्तीची जोडी होती. सत्ती काही कुणाला घाबरवणारा पत्ता नाही. पण तो अंगठा मघापासून कड चाचपत होता.

"बघते," मी म्हटलं.

त्यांच्याकडे एक्का आणि राजा. मध्ये पाच पत्ते यायचे होते, त्यांत एक जरी एक्का किंवा राजा आला तर मी जवळपास खलास होते. इरानं एकदम तीन उलटले: पंजी, नव्वी, दुर्री. चौथा गुलाम. पाचवा तिनं आधी स्वतःच बघितला. "ओह माय गॉड," ती म्हणाली आणि किलवरची राणी ठेवली.

सत्तीची जोडी. तीन वायसरपासून साडेचारशेपर्यंत. मी ओरडले की नाही आठवत नाही. काकू म्हणतात, खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले होते.

चीफनी ते पाच पत्ते एकेक करून गोळा केले. मग म्हणाले, "इरा, खुर्ची आण एक."

"खुर्च्या संपल्या लाह, पपा."

चीफ आत गेले आणि ते लाल प्लास्टिकचं स्टूल घेऊन आले. मला वाटलं, तेच काकांना देणार, आणि माझ्या जिभेवर शब्द तयार होते. चीफ स्वतः स्टुलावर बसले. रिकाम्या खुर्चीकडे हात करून म्हणाले, "मयेकर, बसा."

फिटर म्हटलं नाही.

स्पर्धा संपल्यावर दर वर्षी एक शेवटचा फेरा असतो, सगळ्यांचा, दहा-दहा वायसर घेऊन, गंमत म्हणून. मयेकर काका खुर्चीच्या कडेवर बसले. पंचा खांद्यावरून काढला, घडी करून मांडीवर ठेवला. इरानं त्यांच्यापुढे दोन पत्ते टाकले. त्यांनी ते उचललेच नाहीत. आम्हा सगळ्यांना शिकवणारा तो माणूस, वाट बघ म्हणणारा, त्यानं पत्त्यांवर तळहात ठेवला आणि दहाच्या दहा वायसर मध्ये लोटले.

"न बघता?" दाबके किंचाळले.

"पंधरा वर्सां दारातसून बघतंय," काका म्हणाले. "आता काय बघूचा?"

अर्थातच हरले. दुर्री आणि सत्ती निघाली, दाबक्यांकडे दश्शीची जोडी. काका इतके हसले की डोळे पुसायला पंचा लागला. मग ते उठले, स्वयंपाकघराकडे वळले. चीफ ताडकन उभे राहिले.

"बसा हो, मी करतो चहा."

"तुमी बसा, चीफसाब," काका म्हणाले. "पयलो मी भायर पडलंय. नियम म्हणजे नियम."

पातेल्याचा आवाज आला. आल्याचा वास आला. नऊ कप आले, आणि दहावा त्यांचा स्वतःचा. ते आपल्या खुर्चीत बसले आणि आमच्या तोंडांकडे बघू लागले. आम्ही सगळे कपातच बघत होतो.

कॅप्टन दाबक्यांनी एक घोट घेतला, कप समोर धरून निरखला आणि सगळं घर ऐकेल अशा आवाजात म्हणाले, "शी! मयेकर, हा चहा आहे की बिल्जचं पाणी?"

मयेकर काकांचा चेहरा उजळला. "बिल्जचाच," ते म्हणाले. "तुमच्यासाठी खास काढलंय."